शीव

परवा दिवाडीच्या खारफुटीत एक प्रेत अडकलं.
अलीकडचे पोलीस म्हणाले, ही पलीकडची हद्द.
पलीकडचे म्हणाले, भरती होती तेव्हा तुमचीच होती.
चार तास ते पाण्यावर ताटकळलं.
शेवटी ओहोटीनं निकाल दिला.

त्या दिवशी मी एर्मेलिंदाच्या जबानीचं
अकरावं पान करत होते:
पोर्तुगीजमधून इंग्रजीत, कोर्टासाठी,
आणि मनातल्या मनात मराठीत,
कारण त्याशिवाय मला काही खरं वाटत नाही.

काजूचं गोदाम. एकतीस माणसं.
दाराबाहेर एक तरुण अधिकारी
अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत उभा.
तिचा भाऊ सव्विसावा.
पुढचं वाक्य तिनं तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा वेगळं.
मी तिन्ही लिहिली.

भाचीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी ती गोव्यात आली
आणि दिवाडीच्या फेरीबोटीत
एक म्हातारा तिला पोदेराची सुटी नाणी मोजताना दिसला.
अंगठ्यानं. पेरांवर.

गावात त्याला पोरं 'तियो' म्हणतात.
शिंपल्यांच्या खिडक्यांचं भाड्याचं घर,
तीन मांजरं, रोज दोन पोळ्ये,
नाताळला सगळ्या वाड्याला केक.

फौजदार घाडी सज्जन माणूस.
त्यानं पंखा तिच्याकडे फिरवला, चहा मागवला.
"बाई, गुन्हा तिथला, मेलेले तिथले,
मारणारा तिथला. यात आमचं काय?"
मी भाषांतर केलं.
ती म्हणाली, "तो पाव इथला खातो."
मी तेही भाषांतर केलं.
घाडी बराच वेळ कपातल्या सायीकडे बघत राहिला.

तिच्याकडच्या शेजारी देशांनी मिळून
एक न्यायालय ठरवलंय म्हणे.
इमारत झाली आहे. खुर्च्या यायच्या आहेत.
आणि करारात बारीक अक्षरात एक कलम:
गादीवर असलेल्याला, गादी असेतो, हात लावायचा नाही.
ते भाषांतर करायला मला अडचण आली नाही.
आपल्याकडे त्याला शब्द पुष्कळ.

अडले ते दुसऱ्याच शब्दावर.
कुठलाही गुन्हा, कुठल्याही मातीवरचा,
ज्याच्यापुढे कुठलंही कोर्ट
'आमची हद्द नाही' म्हणू शकत नाही, ते.
वैश्विक अधिकारक्षेत्र, असं लिहिलं आणि खोडलं.
क्षेत्र म्हटलं की कुंपण आलंच.

शिवाय मी नार्व्याची.
आमच्या देवाला याच नदीतून रात्री होडीनं पलीकडे नेलं,
कारण अलीकडे एक न्यायालय होतं,
समुद्रावरून आलेलं,
सगळ्या आत्म्यांवर आपला हक्क आहे असं मानणारं.
पलीकडे त्याचा हुकूम चालत नव्हता.
हद्दीनं आमचा देव वाचवला.

आणि आता तीच हद्द
तियोला ऊन पाणी, पाव, मांजरं देते.
हे मी एर्मेलिंदाला सांगितलं.
ती म्हणाली, "तुमचा देव पळाला तेव्हा
त्याच्या हातावर कुणाचं रक्त होतं का?"

घाडीचा आजा शिवेवर गाऱ्हाणं घालायचा.
राखणदार रात्रभर गावाची शीव फिरतो,
म्हणून वर्षाला त्याला नव्या वहाणा.
जुन्या उचलून बघतात: टाचा झिजलेल्या.
चोर शिव ओलांडून गेला तर?
घाडी म्हणाला, आजा सांगायचा,
तो पुढच्या राखणदाराला हाक मारतो.
मग तो त्याच्या पुढच्याला.
"पण मधला एखादा झोपला असेल तर
आजाही गप्प बसायचा."

अर्ज त्यानं ठेवून घेतला. शिक्का मारला, तारीख घातली.
नंबर दिला नाही.

संध्याकाळच्या बोटीत आम्ही दोघी कठड्याशी.
चालत येणाऱ्याला तिकीट नसतं, हे तिला खरं वाटेना.
धक्क्यावर तियो उभा होता, हातात मांजराची मासळी.
त्यानं मला 'बोआ तार्द' म्हटलं.
गेली सहा वर्षं म्हणतो.
मी उत्तर द्यायचे.

अकराव्या पानावर त्या शब्दाच्या जागी
अजून कोरी जागा आहे.
एर्मेलिंदानं बोटीतून उतरताना
चपला काढून हातात घेतल्या,
उलट्या केल्या,
टाचा बघितल्या.